दुखत नाही म्हणून चार महिने थांबलास, आता नको थांबूस

या वेळचं पत्र, वृषणाच्या (बोलीत गोळीच्या) सुजेबद्दल:

"डॉक्टर साहेब, माझं वय 28, वणीजवळ खाणीत डंपर चालवतो. चार महिन्यांपासून डाव्या बाजूची गोळी मोठी वाटते, उजवीच्या दीडपट तरी असेल. दुखत अजिबात नाही, ताप नाही, लघवीला त्रास नाही. मेडिकलवाल्याला सांगितलं तर त्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, फरक काही नाही. मामाचं हायड्रोसीलचं ऑपरेशन झालेलं आहे, तो म्हणे, 'काई नाई होत बे, पाणी होय ते, सुईनं काढून टाक.' नेटवर पाहिलं तर सगळीकडे कॅन्सर. गावच्या सरकारी दवाखान्यात मॅडम आहेत आणि त्या आईला ओळखतात, म्हणून तिथे जायची हिंमत होत नाही. लग्न ठरलंय, दोन महिन्यांवर तारीख आहे. लग्न पुढे ढकलू का? मूल होईल ना? हे डंपरच्या दणक्यांनी झालं असेल का? कृपया नाव छापू नका."

नाव छापत नाही, काळजी नको. आणि तुला सरळ अरे-तुरे करतो, माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा आहेस.

आधी कामाचं सांगतो, बाकीचं पत्र नंतर निवांत वाच. या आठवड्यात सोनोग्राफी करून घे. पुढच्या महिन्यात नाही, लग्नानंतर नाही, या आठवड्यात. पोटाची नाही हां, अंडकोशाची, चिठ्ठीवर 'स्क्रोटम, डॉप्लरसकट' असं लिहिलेलं असतं (डॉप्लर म्हणजे रक्त कसं वाहतंय तेही बघणं). दहा-पंधरा मिनिटांचं काम, उपाशीपोटी जायची गरज नाही, सुई नाही, दुखत नाही. थंडगार जेल लावतात तेवढाच काय तो त्रास. आणि ती होईपर्यंत कुणालाही तिथे सुई घालू द्यायची नाही, मामाला नाही, मामाच्या ओळखीतल्या कंपाउंडरला तर अजिबात नाही. का ते पुढे सांगतो.

दुसरं, तू पत्रात लिहिलंयस की दुखत अजिबात नाही. माझ्याकडे ओपीडीत येणारा प्रत्येक जण हेच वाक्य बोलायचा, आणि असं बोलायचा जणू ती चांगली बातमीच आहे. आपल्याकडे दुखलं की आजार, नाही दुखलं की काही नाही, असा साधा हिशेब असतो. दाताच्या बाबतीत हा हिशेब थोडाफार चालतो, इथे उलटा पडतो. या भागात जे जोरात दुखतं ते बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, नाहीतर गोळीला पीळ बसलेला असतो (पीळ बसला तर मात्र घड्याळाशी शर्यत, सहा तासांच्या आत ऑपरेशन टेबलावर पोचायला हवं, रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही). आणि जे हळूहळू, न दुखता वाढतं त्यात साधं पाणीही येतं आणि ज्याला तू घाबरलायस तेही येतं. म्हणजे न दुखण्यावरून काहीच ठरत नाही, ना चांगलं ना वाईट.

आता घाबरून बसू नकोस. तुझ्यासारखी पत्रं आणि तुझ्यासारखे पेशंट मी खूप पाहिलेत, त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नव्हता. आपल्या देशात हा कॅन्सर तसा कमीच आहे, वर्षाला एक लाख पुरुषांमागे एकापेक्षाही कमी नवे रुग्ण. नॉर्वे-डेन्मार्ककडे तो कितीतरी पट जास्त दिसतो. पण एक खोच आहे बघ. बाकीचे बहुतेक कॅन्सर म्हातारपणी येतात आणि हा येतो तो बहुतेक करून पंधरा ते चाळीसच्या दरम्यान, म्हणजे तुझ्याच वयात. म्हणून मी 'काही नसणार' असंही म्हणणार नाही आणि 'तेच असेल' असंही नाही. हाताने न तपासता जो छातीठोक सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मीही त्यात आलो.

नेटवर शोधताना तू 'अंडाशयाला सूज' असं टाइप केलं होतंस का? हसू नकोस, निम्मे लोक तेच करतात. अंडाशय बायकांना असतं. आपल्याला असतात ती वृषणं, बोलीत गोळ्या, आणि ज्या पिशवीत ती असतात तो अंडकोश. चुकीचा शब्द टाकला की भलतंच समोर येतं आणि माणूस अजून घाबरतो.

आता सूज कशाकशाची असते ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. तुझी गोळी मूळची तिथली नाही. आईच्या पोटात तू असताना ती तुझ्या पोटात होती, मूत्रपिंडाच्या जवळपास. मग हळूहळू खाली सरकत सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या बोगद्यातून पिशवीत उतरली, कारण शुक्रजंतू तयार व्हायला पोटापेक्षा दोन-तीन डिग्री थंड जागा लागते. म्हणजे ती कामासाठी खाली राहायला आलेली भाडेकरू आहे, तिचं माहेर वर पोटात. तिच्या रक्तवाहिन्या, तिच्या लसिकावाहिन्या (अंगातलं जास्तीचं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या), सगळं अजून माहेरशी जोडलेलं. आणि इथल्या बहुतेक भानगडी या प्रवासातूनच निघतात.

खाली येताना ती पोटाच्या आतल्या अस्तराचा एक पदर सोबत घेऊन येते, साडीचा पदर अडकून सोबत यावा तसा. त्या पदराच्या दोन थरांमध्ये थोडंसं पाणी प्रत्येकालाच असतं, गोळी सरकती राहावी म्हणून. ते पाणी जास्त साचलं की झालं हायड्रोसील. मामाला होतं ते हेच. न दुखणारी, गुळगुळीत, दाबली तर पाण्याच्या फुग्यासारखी लागणारी सूज, दिवसा फिरलं-उभं राहिलं की जड वाटणारी. मोठं झालं तर आतली गोळी हाताला लागतच नाही, नुसती फुगलेली पिशवी लागते. काहींचं नारळाएवढं होईपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. एक काका माझ्याकडे आले होते, धोतर नेसणारे, त्यांनी अकरा वर्षं ते धोतरात लपवलं होतं आणि आले तेही नातवाच्या लग्नात सूट घालायचा हट्ट झाला म्हणून.

आणि तू वणीचा म्हणजे इथे आपल्या भागाची खास गोष्ट आलीच. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर, सगळा हत्तीपायाचा पट्टा. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, धाग्यासारखे बारीक जंत लसिकावाहिन्यांत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. लोकांना वाटतं हा रोग म्हणजे पाय सुजणं, पण पुरुषांमध्ये पायाआधी पिशवी सुजल्याची उदाहरणं भरपूर आहेत. लहानपणी आठवत असेल, रात्री उशिरा आरोग्य खात्याची माणसं दार वाजवून बोटातून रक्त घेऊन जायची आणि आख्खी गल्ली त्यांना शिव्या द्यायची. ते काही हौस म्हणून रात्री येत नव्हते, या जंताची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, दिवसा रक्त घेतलं तर सापडत नाहीत. आणि वर्षातून एकदा या जंतावरच्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या घेऊन आशाताई येतात, समोर खा म्हणतात, आणि आपण 'जेवल्यावर खातो ताई' म्हणून खिडकीत ठेवून देतो. कितीतरी घरांच्या खिडकीत मी त्या गोळ्या पाहिल्यात, पिवळ्या पडलेल्या. असो. मामाचं हायड्रोसील त्यातलं असू शकतं. पण मामाला होतं म्हणून तुलाही तेच, असं नसतं, हा काही घराण्यातून येणारा आजार नाही, फार तर तुम्हाला दोघांना चावणारे डास एकाच नालीतले.

पाणी आहे की नाही हे बघायची एक जुनी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत सुजेच्या मागून टॉर्च लावायचा, पाणी असेल तर समोरून लालसर उजेड दिसतो, ठोस गाठ असेल तर काळंच राहतं. तू हे वाचून मोबाइलचा टॉर्च घेऊन बाथरूममध्ये जाणारच आहेस म्हणून आधीच सांगून ठेवतो, उजेड दिसला तरी सोनोग्राफी चुकत नाही. कारण कधीकधी गोळीत गाठ असते आणि तिच्यामुळे आजूबाजूला पाणी साचतं. बाहेरून सगळं लालसर, छान दिसतं, आणि खरा चोर आत पाण्याच्या आड बसलेला. तरण्या माणसाला अचानक हायड्रोसील झालं तर पाण्याच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय गप्प बसायचं नसतं.

सुई नको म्हणालो ते यासाठी. पाणीच असलं तरी सुईने काढलेलं पाणी काही आठवड्यांत-महिन्यांत परत भरतं, कारण ते तयार करणारा पदर तिथेच असतो, आणि मध्ये इन्फेक्शन झालं तर पू. आणि जर गाठ असेल तर पिशवीतून सुई घालणं हा फारच वाईट प्रकार. परत माहेरच्या गोष्टीवर येतो. गोळीच्या लसिकावाहिन्या वर पोटात, मूत्रपिंडाजवळच्या लसिकागाठींकडे जातात (या गाठी प्रत्येकाच्या अंगात असतातच), पण पिशवीच्या कातडीच्या जातात जांघेतल्या लसिकागाठींकडे. दोन वेगळे रस्ते. कॅन्सर आपल्या रस्त्याने गेला तर डॉक्टरला माहीत असतं कुठे शोधायचा. तू मधून भोक पाडलंस की त्याला दुसरा रस्ता उघडून दिलास. म्हणूनच या गाठीचा तुकडा काढून तपासणी सहसा करत नाहीत, जांघेतून छेद घेऊन आख्खी गोळीच काढतात आणि मग ती तपासायला पाठवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कारण हे आहे.

दुसरी मोठी शक्यता, आणि तू डावी बाजू म्हणालास म्हणून ती मनात येतेच, व्हेरिकोसील. पायावर नसा फुगतात बघ, उभ्याने काम करणाऱ्यांच्या, तसंच गोळीच्या वरच्या नसांचं होतं. शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांना असतं आणि बहुतेक करून डावीकडे. का डावीकडे? कारण डाव्या गोळीची रक्तवाहिनी थेट डाव्या मूत्रपिंडाच्या वाहिनीला जाऊन काटकोनात मिळते, उजवीची तिरकी जाऊन मोठ्या वाहिनीला मिळते, त्यामुळे डावीकडचं रक्त वर चढायला जास्त कटकट. हाताला शिजलेल्या शेवयांचा गुंता लागावा तसं लागतं, उभं राहिलं की फुगतं आणि आडवं झालं की ओसरतं. तू सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर, दोन्ही वेळा बघितलंयस का कधी? आज बघ. आडवं झाल्यावरही नसा तशाच फुगलेल्या राहत असतील किंवा नव्यानेच झालं असेल तर डॉक्टर वरचं मूत्रपिंडही तपासतात, कारण तिथे काही अडथळा असेल तर तो असा खाली दिसतो. पण व्हेरिकोसीलमध्ये गोळी स्वतः मोठी होत नाही, उलट कधीकधी थोडी लहान होते, आणि तू गोळीच मोठी झाली म्हणतोस. अर्थात गोळी कुठली आणि नसा कुठल्या हे घरी कळतंच असं नाही.

अंतर्गळ, म्हणजे हर्निया, हाही त्याच प्रवासाचा उरलेला हिशेब. ज्या बोगद्यातून गोळी आली तो नीट बंद झाला नाही तर आतडं त्यातून खाली डोकावतं. खोकलास की सूज वाढते, झोपलास की वर जाते, आणि मुख्य म्हणजे सुजेचं वरचं टोक बोटाला सापडत नाही, ती सरळ जांघेत गेलेली लागते. तुझ्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

मग गोळीच्या मागे एक मऊ वळकटी असते, एपिडिडिमिस म्हणतात, शुक्रजंतू तिथे पिकतात. ती प्रत्येकाला असते, आणि पहिल्यांदा हात लावून बघणारे निम्मे तरुण तिलाच गाठ समजून घाबरतात. तिथे कधी वाटाण्याएवढी पाण्याची गाठ होते, गोळीपासून वेगळी, मागे वर. तिचं काही करायचं नसतं, त्रास देत नसेल तर सोडून द्यायची. आणि तिथेच टीबी पण होतो, हो, टीबी फक्त छातीत नसतो. हळूहळू वाढणारी कडक वळकटी, दुखणं नाहीच किंवा अगदी थोडं, आणि शुक्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी लागते. अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक खाऊन फरक पडत नसेल तर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात टीबी यायलाच हवा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पूर्ण घेतलं की बरा होतो. घरात कुणाला झाला होता का, तुला खूप दिवस खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं असं काही आहे का, हे डॉक्टरला न विचारताच सांग.

मेडिकलवाल्याचं काय बोलू. बिचारा समोर उभा असतो, आपण लाजेने त्याच्याच कानात सांगतो, तो पाच दिवसांचं काहीतरी देतो. त्या पाच दिवसांनी तुझं नुकसान झालं नाही, पण 'बघू, औषध चालू आहे' म्हणत पुढचे तीन महिने गेले, ते नुकसान.

आता ज्याच्यासाठी तू खरं पत्र लिहिलंस ते. कॅन्सरची गाठ गोळीच्या बाहेर नाही, आत असते. गोळी एरवी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते, घट्ट पण लवचीक. गाठ असली की त्यात एखादा भाग सुपारीसारखा कडक लागतो, किंवा आख्खी गोळीच कडक आणि जड होते. दुखत सहसा नाही, ओढल्यासारखं, वजन लटकल्यासारखं वाटतं. तपासायचं कसं तर गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, तेव्हा पिशवी सैल असते, एक-एक गोळी दोन्ही हातांच्या बोटांत धरून अंगठ्याने हळू फिरवायची, जशी गोटी बोटांत फिरवतो तशी. एक गोळी थोडी खाली लटकते, बहुतेकांची डावी, थोडाफार आकाराचा फरकही असतो, ते नॉर्मल. पण दीडपट म्हणजे नॉर्मल नाही.

आईला एक विचारायचंय तुला, कारणही सांगायची गरज नाही, असंच विचार: लहानपणी माझी गोळी खाली उतरली होती ना वेळेवर? ज्याची गोळी पोटात किंवा जांघेत अडकून राहिली होती त्या मुलाला पुढे हा कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, नंतर ऑपरेशन करून खाली आणली तरी थोडी उरतेच. (आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी, सहा महिन्यांचं झालं तरी एक गोळी सापडत नसेल तर सर्जनला दाखवा, ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावं लागतं, 'येईल हळूहळू' म्हणत शाळेत जाईपर्यंत थांबू नका. नुसतं पाणी असेल तर मात्र बाळांमध्ये ते बहुतेक वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातं, तिथे घाई नको.)

डंपरच्या दणक्यांनी कॅन्सर होत नाही. बाइकने नाही, घट्ट चड्डीने नाही, लंगोट न बांधल्याने नाही, आणि लग्नाआधी तू जे काही करत असशील त्यानेही नाही, ते तू विचारलं नाहीस पण मनात असेल. होतं असं की क्रिकेट खेळताना बॉल लागतो, माणूस हात लावून बघतो आणि तेव्हा आधीपासून असलेली गाठ पहिल्यांदा हाताला लागते. मग आख्खं गाव म्हणतं, बॉलने गाठ झाली.

समजा रिपोर्ट वाईट आलाच. तर ऐक, गाठीच्या रूपात येणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये हा सगळ्यात जास्त बरे होणाऱ्यांपैकी एक. गोळीतच असताना पकडला तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात, आणि पसरल्यावरही बरे होणारे खूप आहेत, 1970च्या दशकात सिस्प्लॅटिन नावाचं औषध आलं तेव्हापासून चित्रच बदललं. युवराज सिंग आठवतो ना, 2011चा वर्ल्ड कप? त्याला जो ट्यूमर निघाला तो याच घराण्यातला होता, फक्त गोळीत नाही तर दोन फुप्फुसांच्या मधे. ज्या पेशींपासून शुक्रजंतू तयार होतात त्या गर्भात प्रवास करताना काही वाटेत मागे राहतात आणि पुढे तिथे असा ट्यूमर होतो असं मानतात, परत तोच प्रवास बघ. केमो घेतली, केस गेले, आणि 2012 मध्येच तो परत भारताकडून खेळला.

पण हा कॅन्सर वेगाने वाढू शकतो, म्हणून चार महिन्यांचे सहा महिने नकोत. माझ्या हातातला एक पोरगा आठ महिने थांबला होता, तुझ्याच वयाचा, लाजेने. आला तो कंबर दुखते म्हणून, हाडांच्या डॉक्टरकडे महिनाभर शेक घेऊन. कंबर दुखत होती ती कॅन्सर पोटातल्या मागच्या लसिकागाठींत पोचून त्या वाढल्यामुळे. बरा झाला तो, पण एका छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं तिथे केमोच्या चार फेऱ्या घ्याव्या लागल्या. तुझी कंबर दुखते का, मानेवर गाठ आहे का, छाती बायकांसारखी सुजल्यासारखी वाटते का, धाप लागते का? यातलं काही असेल तर या आठवड्यात नाही, उद्याच जा.

कुठे जायचं? गावच्या मॅडमकडे जायला लाजतोस, समजलं. खरं तर मॅडमनी असे शंभर बघितलेत आणि पेशंटचं घरी जाऊन सांगणं त्यांना चालत नाही, पण तुझं पाऊल तिथे उचलत नसेल तर त्यावर वाद घालण्यात वेळ नको घालवू. यवतमाळला किंवा चंद्रपूरला मेडिकल कॉलेज आहे, सेवाग्राम आहे, नागपूरचं मेडिकल आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, सर्जरीची ओपीडी विचार. केसपेपर काढणाऱ्याला 'सर्जरी' एवढंच सांगायचं, मागच्या रांगेला ऐकवायची गरज नाही. आत डॉक्टर म्हणाले काय होतंय तर एका दमात बोलून टाक: डावी गोळी चार महिन्यांपासून मोठी आहे, दुखत नाही, मेडिकलचं औषध पाच दिवस घेतलं, फरक नाही. हे पाठ करून जा, नाहीतर तिथे गेल्यावर 'पोटात जरा दुखतं' म्हणून अॅसिडिटीची गोळी घेऊन परत येणारे मी खूप पाहिलेत. आणि हात लावून तपासल्याशिवाय कुणी औषध लिहून देत असेल तर सरळ म्हण, साहेब, एकदा बघून घ्या.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'इंप्रेशन' म्हणून दोन-तीन ओळी असतात. तिथे हायड्रोसील, व्हेरिकोसील, एपिडिडिमल सिस्ट असं काही असेल आणि गोळी स्वतः नॉर्मल लिहिली असेल तर एक मोठा श्वास सोड. गोळीच्या आत ठोस गाठ असं लिहिलं असेल तर रक्तातले मार्कर (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ), पोटाचा आणि छातीचा स्कॅन, आणि लगेच सर्जन. पैशाचा विचार करून थांबू नकोस, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो दोन्ही बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, परळचं टाटा आहे, प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असं नाही.

मूल. एक गोळी नीट असेल तर मूल व्हायला आणि बाकी सगळ्यालाच ती पुरते, एक मूत्रपिंड पुरतं तसं. हायड्रोसीलने सहसा काही बिघडत नाही. व्हेरिकोसील असलेल्या बहुतेकांना मुलं होतात, थोड्यांमध्ये शुक्रजंतू कमी पडतात, तेव्हा वीर्यतपासणी करून ठरवायचं. आणि गोळी काढायची किंवा केमोची वेळ आली तर आधी शुक्राणू बँकेत वीर्य साठवून ठेवता येतं. डॉक्टर घाईत विसरतात, तू विचार, 'साहेब, लग्न व्हायचंय, आधी साठवून ठेवू का?'

लग्न ढकलायचं की नाही हे आज ठरवायचं नाही. आज काय सांगणार आहेस, 'सूज आहे पण कशाची माहीत नाही'? रिपोर्ट येऊ दे. पाणी निघालं आणि लहान असलं तर लग्न उरकून नंतर आरामात ऑपरेशन कर, मोठं असेल तर आत्ता केलंस तरी दोन महिने पुरतात, फक्त डंपरवर दोन-तीन आठवडे चढायचं नाही आणि सूज पूर्ण उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो, टाके पडल्यावर 'अजून फुगलेलंच आहे' म्हणून घाबरू नकोस. दुसरं काही निघालं तर त्या मुलीला तू स्वतः सांग, तिच्या बापाला मध्यस्थाकडून कळण्याआधी. फोनवर नको, भेटून.

सोमवारची रजा टाक. सुपरवायझरने कारण विचारलं तर हर्निया दाखवायचाय म्हण, त्याला कुणी हसत नाही. आणि रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव मला, नाव झाकून.